रग्बीच्या छावणीतल्या मुक्या जिवांविषयी वर्ल्ड रग्बीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी मंडळ, वर्ल्ड रग्बी, डब्लिन,
तसेच जगभरच्या व्यावसायिक रग्बी संघांचे संचालक आणि मुख्य प्रशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात शाळेतल्या मुलींना रग्बी शिकवते. आमचं मैदान म्हणजे ऊस गेला की मोकळं होणारं एक रान. ढेकळं फोडायची, दगड वेचायचे, फक्कीनं रेषा मारायच्या आणि पाऊस लागेपर्यंत खेळायचं. गोलपोस्ट बांबूचे. तुम्ही डब्लिनमध्ये बसून ज्या खेळाचा कारभार बघता, त्याच्या पार शेवटच्या टोकाला आम्ही आहोत. पण चेंडू तोच आहे, नियम तुमचेच आहेत आणि तुमच्या मोठ्या संघांचं सगळं आमच्या मुली फोनवर बघत असतात. टॅकल करताना, म्हणजे समोरच्या खेळाडूला धरून पाडताना, डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे मी दहा वेळा सांगते, आणि त्या स्प्रिंगबॉक्सच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या, एका व्हिडिओवरून ते उचलतात.

गेल्या महिन्यात सराव संपल्यावर आमची हूकर, म्हणजे पहिल्या फळीत मधे खेळणारी मुलगी, फोन घेऊन माझ्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेच्या संघाबद्दल काहीतरी शोधताना तिला 2003 सालच्या एका छावणीची हकिकत सापडली होती. तिनं विचारलं, "मॅडम, ह्यांनी कोंबड्या मारल्या, शिजवल्या आन् खाल्ल्याच न्हाईत. मग मारल्या कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तिचा प्रश्न तुमच्याकडे पाठवते आहे.

तुम्हाला ती छावणी माहीत आहेच. काम्प स्टालड्राट, म्हणजे पोलादी तारेची छावणी. 2003 च्या विश्वचषकाला निघण्याआधी प्रशिक्षक रुडॉल्फ स्ट्रॉयली यांनी आपला संघ लिम्पोपो प्रांतात थाबाझिम्बीजवळच्या पोलिसांच्या प्रशिक्षण तळावर नेला. कर्णधार कॉर्ने क्रिखे आणि त्याच्या सहकाऱ्यांना उघड्या अंगानं खड्ड्यात उतरवलं, वरून बर्फासारखं गार पाणी ओतलं आणि राष्ट्रगीत म्हणायला लावलं. इंग्लंडचं राष्ट्रगीत आणि न्यूझीलंडचा हाका, म्हणजे त्यांच्या संघाचा सामन्याआधीचा ललकारीचा नाच, कर्कश आवाजात वाजवत ठेवला. खडीवरून रांगायला लावलं. तळ्याच्या गार पाण्यात उतरून पाण्याखाली चेंडूत हवा भरायला सांगितलं, आणि जे बाहेर आले त्यांना बंदूक दाखवून परत पाण्यात घातलं, असं त्या वेळी छापून आलं. एक रात्र रानात काढायला लावली. त्या रात्री खेळाडूंनी कोंबड्या मारायच्या, शिजवायच्या, पण खायच्या नाहीत, असा हुकूम होता.

संघाच्या व्हिडिओ विश्लेषकाकडून छायाचित्रं वर्तमानपत्रांपर्यंत पोचली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत मोठा गदारोळ झाला. वर्ष संपायच्या आत स्ट्रॉयली गेले, मंडळाचे व्यवस्थापकीय संचालक रायन ओबरहोल्झर यांनीही पद सोडलं. जे लिहिलं गेलं ते खेळाडूंच्या अपमानाबद्दल लिहिलं गेलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण मी त्या हकिकती एकामागून एक वाचल्या, तेव्हा प्रत्येक ठिकाणी कोंबड्यांच्या वाट्याला अर्धं वाक्य आलेलं दिसलं. खड्डा, पाणी, बंदूक, आणि जाता जाता कोंबड्या. त्या किती होत्या, कशा मारल्या, मारणाऱ्याला मारता येत होतं का, हे कुणी विचारलंच नाही.

संघ त्या विश्वचषकात पर्थला इंग्लंडकडून 25-6 असा हरला आणि मेलबर्नला उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून 29-9 असा. हरले म्हणून छावणी वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. असं म्हटलं की जिंकणाऱ्याला सगळं माफ होतं. ते जिंकून आले असते तरी माझ्या मुलीचा प्रश्न तसाच उभा राहिला असता.

तो प्रश्न मला एवढा लागण्याचं कारण सांगते.

मी सतरा वर्षांची असताना एका निवासी शिबिराला गेले होते. शिबिर कुणाचं, सर कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. ते आता खेळात नाहीत, आणि माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी एक पोतं आणलं आणि मैदानात मोकळं केलं. सहा तलंगा होत्या, अजून अंड्यावर न आलेल्या. आम्ही बावीस मुली. पकडा, म्हणाले, पाय हलके होतील, दिशा बदलायला शिकाल, संघ म्हणून कोंडी कशी करायची ते कळेल. मैदानाला तारेचं कुंपण होतं, त्यामुळे त्यांना जायला जागा नव्हती. आम्ही ओरडत, हसत, एकमेकींना हाका मारत धावलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. आदल्या दिवशीपर्यंत ज्या मुलींशी मी बोलले नव्हते त्यांच्याशी त्या अर्ध्या तासात गट्टी जमली.

माझ्या वाट्याची तलंग तांबूस होती, मानेवर काळी झाक. ती चोच वासून धापा टाकत होती, पंख अंगापासून सुटे धरले होते, तरी पळत होती. कोपऱ्यात आली तेव्हा मी सूर मारला. आयुष्यातला माझा पहिला नीट टॅकल तो. ती माझ्या छातीखाली आली आणि एकदम गप्प झाली. मला वाटलं, शांत झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पाठ थोपटली. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं भरभर उडत होतं की ठोके मोजता आले नसते, नुसती थरथर लागत होती.

दुसऱ्या दिवशी परत लागणार म्हणून त्या सहा जणींना डालग्याखाली डाललं. सकाळी माझी मेलेली होती. तुरा काळानिळा पडला होता, एक पंख बाहेरच्या बाजूला वळलेला. कुणीतरी ती उचलून उकिरड्यावर टाकली आणि आम्ही उरलेल्या पाच घेऊन सरावाला लागलो.

घरी आल्यावर आजीला मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. आजीचं आयुष्य कोंबड्यांमागं गेलं होतं. खुडूक कुठली, अंड्यावर कुठली, मुंगसानं कुठली नेली, सगळं तिला तोंडपाठ. पाहुणा आला की कापायचीही तीच. आधी पाणी पाजायची, आडोशाला न्यायची, दुसऱ्या कोंबड्यांसमोर कधी कापली नाही, आणि एका दणक्यात मोकळं करायची. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाल्लीसा न्हवं?"

"न्हाई."

"मग कशाला मारलीसा?"

तेव्हाही मला उत्तर देता आलं नव्हतं.

पुढे मी कोचिंगला लागल्यावर एका पशुवैद्यांना त्या तलंगेबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं ते तुमच्या प्रत्येक फिटनेस ट्रेनरनं ऐकावं असं आहे. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत-बाहेर होते. छातीवर वजन आलं की तिचा श्वास बंद. म्हणजे मी जो टॅकल केला, तो तिला गुदमरवणारा होता. तिला घाम येत नाही. अंग आधीच आपल्यापेक्षा तापलेलं, 41 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि पळून ते आणखी चढलं की धापा टाकून गार होण्याखेरीज तिच्याकडे उपाय नाही. आणि ती माझ्या हातात गप्प झाली, ती शांत झाली म्हणून नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला पक्षी भीतीनं ताठरतो. बघणाऱ्याला वाटतं सुटलं बिचारं, आणि आत काळीज फुटायला आलेलं असतं.

आता थाबाझिम्बीचं ते रान डोळ्यांसमोर आणा. रात्र आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. समोर शंभर किलोचा माणूस आहे, दिवसभर गार पाण्यात काढलेला, झोप नाही, पोटात काही नाही, हात बधिर. त्यातल्या कितीजणांनी आधी कधी कोंबडी कापली होती? ज्याला येतं त्याच्या हातून एका क्षणात होतं. ज्याला येत नाही, ज्याचे हात थरथरतायत, त्याच्या हातून काय होतं हे मी लिहीत नाही, तुम्हाला कळतं.

त्या छावणीत नकार देता येत नव्हता असे दोघं होते, एक खेळाडू आणि दुसरी कोंबडी. खेळाडूला कागदोपत्री येत असेल. पण विश्वचषक काही आठवड्यांवर आलेला असताना, ज्याच्या हातात संघनिवड आहे त्याच्यासमोर उभं राहून "मी हे करणार नाही" म्हणणारा खेळाडू किती दिवस संघात राहतो, हे तुम्ही मला सांगा. ज्याला स्वतःला नाही म्हणता येत नाही, त्याच्याच हातून नाही म्हणता न येणारा जीव मारवून घ्यायचा. ह्याला कणखरपणा म्हणतात, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. सैनिकाला रानात तगायला शिकवतात, कारण उद्या त्याला खरोखर रानात तगावं लागेल. मेलबर्नच्या मैदानात प्रॉपला, म्हणजे पहिल्या फळीतल्या दांडग्या खेळाडूला, कोंबडी धरावी लागत नाही.

तरीही अशा प्रकारांनी संघ जवळ येतो, हे मी नाकारणार नाही. आम्हीही जवळ आलोच होतो. पण कशामुळे आलो, याचा मी पंधरा वर्षं विचार केलाय. सगळ्यांनी मिळून एखादी लाज वाटण्यासारखी गोष्ट केली की सगळे एकमेकांना बांधले जातात, कारण आता कुणीच कुणाबद्दल बाहेर बोलू शकत नाही. मेलेल्या तलंगेबद्दल आमच्यापैकी एकीनंही शिबिराबाहेर तक्रार केली नाही, मीसुद्धा नाही. थाबाझिम्बीचंही छायाचित्रं बाहेर येईपर्यंत लोकांना कळलं नाही. अशा बांधणीत गप्प बसणं हीच निष्ठा ठरते. ज्या खेळात ड्रेसिंग रूममधली छळवणूक बाहेर यायला वर्षानुवर्षं लागतात, त्या खेळाला हे परवडतं का?

आणि त्याच संघाला हे दुसऱ्या रीतीनं जमलेलं होतं. 1995 साली, विश्वचषक घरी होता तेव्हा, स्प्रिंगबॉक्सना एका शिक्षिकेकडून 'एन्कोसी सिकेलेली' हे देशाचं नवं राष्ट्रगीत शिकवलं गेलं. ज्या भाषेतले शब्द त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जिभेवर कधी आले नव्हते, ते त्यांनी घोकून घोकून पाठ केले. ते खेळाडू रॉबेन बेटावर गेले आणि मंडेलांना जिथं डांबलं होतं त्या कोठडीत उभे राहिले. 24 जूनला एलिस पार्कवर अंतिम सामना ते 15-12 असे जिंकले. आठ वर्षांनी त्याच जर्सीतल्या माणसांना खड्ड्यात नागवं उभं करून राष्ट्रगीत म्हणायला लावलं. जे गाणं शिकून संघ एकत्र आला होता, तेच शिक्षा म्हणून वापरलं. मी मुलींना या दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

न्यूझीलंडचे खेळाडू सामना संपल्यावर स्वतः झाडू घेऊन ड्रेसिंग रूम झाडतात, हेही आमच्या मुलींनी फोनवरच बघितलं. तेव्हापासून आमच्याकडे सराव संपला की मैदानातला कचरा कॅप्टन उचलते. मी सांगितलेलं नाही. तुमचे मोठे संघ जे करतात ते इथवर येतं. चांगलं येतं तसं वाईटही येतं. माझ्या त्या सरांनी कोंबड्यांची कल्पना कुठून घेतली, मला माहीत नाही, पण ती त्यांच्या डोक्यातून निघाली नव्हती.

2003 जुनं झालं, असं म्हणाल. पण त्यानंतर काही वर्षांनी पर्थच्या वेस्टर्न फोर्स संघाच्या खेळाडूंनी रॉटनेस्ट बेटावरच्या सहलीत क्वोक्कांशी गैरवर्तन केल्याचं प्रकरण झालं आणि दंड भरावे लागले. क्वोक्का म्हणजे मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला कांगारूच्या कुळातला प्राणी. माणसाला भीत नाही, स्वतःहून जवळ येतो. 1696 मध्ये डच दर्यावर्दी विलेम द व्लामिंग यांना ते मोठे उंदीर वाटले, म्हणून त्यांनी बेटाला उंदरांचं घरटं असं नाव दिलं. त्या बेटावर तो भरपूर दिसतो, मुख्य भूमीवर मात्र कोल्ह्या-मांजरांनी त्याची संख्या पार घटवली आहे. असा जीव जवळ आला आणि तुमच्या खेळाडूंना त्याच्याशी मस्ती करावीशी वाटली. तिथं कुणी प्रशिक्षकानं हुकूम दिला नव्हता. पण संघ म्हणून बाहेर पडलं की मुका प्राणी हे करमणुकीचं साधन, ही समज कुठूनतरी आलेलीच होती.

गंमत वाटेल, पण तुमच्या खेळाइतके प्राणी छातीवर मिरवणारा खेळ क्वचितच असेल. स्प्रिंगबॉक हे हरिण, ऑस्ट्रेलियाचा वॉलबी, लेस्टरचे टायगर्स, डर्बनचे शार्क्स. अर्जेंटिनाच्या संघाला पुमा म्हणतात, आणि त्यांच्या जर्सीवरचा प्राणी खरं तर जग्वार आहे, 1965 च्या दौऱ्यात एका पत्रकाराच्या चुकीनं नाव पडलं ते पडलं. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो आमच्या देशातले चांदीचे रुपये वितळवून केलेला. त्याच्या झाकणावर हत्ती आणि तिन्ही कानांना नाग. चषक उचलताना हात नागाला लागतो. एवढं प्रेम चांदीत आणि जर्सीत दाखवता, तर जिवंत प्राण्यासाठी नियमावलीत एक वाक्य घाला.

तुम्ही विचाराल, तुम्ही कोण सांगणार, तुमच्याकडे बैल पळवतात. खरं आहे. बैलगाडा शर्यतीवरून आमच्याकडे वर्षानुवर्षं भांडण झालं, बंदी आली, उठली, 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला, आणि घराघरात अजून दोन मतं आहेत. पण आम्ही त्यावर उघड्यावर भांडलो. कायदा झाला, अटी आल्या, कोर्टात जाब द्यावा लागला. आणि मी शाकाहारीही नाही. आमच्याकडे रविवारी तांबडा रस्सा असतोच. खाण्यासाठी मारणं बरोबर की चूक, हा वाद मी तुमच्याकडे आणलेला नाही. मी एवढंच विचारते आहे की सरावाचं साहित्य म्हणून जीव का वापरायचा.

आता मागणी. तुमच्या नियमावलीत टॅकलची उंची सापडते, बुटाखालच्या स्टडची लांबी सापडते. संघाच्या शिबिरात, सहलीत किंवा नव्या खेळाडूच्या स्वागतात जिवंत प्राणी वापरायचा नाही, असं वाक्य मला सापडलं नाही. ते लिहा, आणि मारण्यापुरतं लिहू नका. पकडणं, पळवणं, डिवचणं, दारूच्या भरात उचलून फोटो काढणं, सगळं त्यात यावं. शिबिराचा आराखडा आधी संघाच्या डॉक्टरला आणि खेळाडूंच्या संघटनेला दाखवावा लागेल, असं करा. नाही म्हणणाऱ्या खेळाडूच्या निवडीवर त्याचा परिणाम झाला तर त्याला दाद मागायची जागा ठेवा. आणि शिक्षा फक्त विशी-बाविशीतल्या पोराला दंड करून संपवू नका, ज्यानं शिबिर आखलं आणि ज्यानं मंजूर केलं त्यांनाही जबाबदार धरा.

हे अवघड नाही, तुम्ही याहून अवघड केलेलं आहे. डोक्याला मार लागला तरी खेळत राहणं ही एके काळी मर्दुमकी होती. 2012 पासून तुम्ही खेळाडूला बाहेर काढून तपासायची पद्धत आणली, आणि पुढे तो निर्णय प्रशिक्षकाच्या हातातून काढून डॉक्टरकडे दिला. तेव्हाही जुने लोक म्हणाले असतीलच की खेळ मऊ होतोय. खेळ मऊ झाला नाही, मी दर आठवड्याला बघते. सचोटी, ध्यास, एकजूट, शिस्त आणि आदर ही पाच मूल्यं तुम्हीच छापलीत. त्यातला आदर फक्त पंचांपुरता आहे का, हे तुम्ही सांगायचं आहे.

2027 चा विश्वचषक पुन्हा ऑस्ट्रेलियात आहे, आणि या वेळी 24 संघ. म्हणजे त्याआधी 24 संघ कुठे ना कुठे शिबिराला जाणार. त्या शिबिरांच्या आधी तुमचं वाक्य छापून यावं.

आमचं शिबिर मे महिन्यात आहे, चार दिवसांचं. पहिल्या दिवशी मुली शाळेमागच्या विहिरीचा गाळ काढणार आहेत, कारण मैदानाला पाणी तिथूनच येतं. बावीस जणी दोर ओढायला लागल्या की कोण कुणाच्या भरवशावर उभं राहतं ते आपोआप कळतं.

तुमचं उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. मी मुलींना मराठीत वाचून दाखवीन, आणि ज्या मुलीनं विचारलं होतं तिला आधी.

आपली,
रग्बीची एक प्रशिक्षक,
कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर